फुगे विकणाऱ्या बाईला ‘भिकारी’ म्हणून उचललं, तर काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईत उड्डाणपुलाखाली राहणारी, सिग्नलला फुगे आणि गजरे विकणारी एक बाई सकाळच्या कारवाईत उचलली गेली. आधी पोलीस ठाणं, मग कोर्ट, आणि तिथून चेंबूरचं बेगर होम, म्हणजे सरकारी भिक्षेकरी गृह. तिची बहीण विचारते आहे की घर नसणं हा गुन्हा आहे का, आणि बहिणीला बाहेर कसं काढायचं.

‘बेघर असणं’ असा गुन्हा महाराष्ट्रातल्या कुठल्याही कायद्यात लिहिलेला सापडणार नाही. मात्र ज्याला दार नाही तो माणूस झोपणार रस्त्यावर, अंघोळ करणार रस्त्यावर, चूल मांडणार रस्त्यावर आणि पोट भरणारही रस्त्यावरच. यातलं प्रत्येक काम कुठल्या ना कुठल्या कलमात बसवता येतं. उघड्यावर अंघोळ, धुणं किंवा शौच केलं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ आहे. त्याच कायद्याचं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत संशयास्पद स्थितीत सापडलेल्यांसाठी आहे. फूटपाथवर पथारी, पेटी, प्लास्टिकचा आडोसा दिसला तर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३१४ खाली तो उचलता येतो. फलाटावर किंवा रुळांच्या कडेला झोपलं तर रेल्वे अधिनियमाचं कलम १४७, म्हणजे बेकायदा प्रवेश. आणि यांतलं काहीच लागू होत नसेल, तरी मुंबई भिक्षा प्रतिबंधक अधिनियम, १९५९ उरतोच.

म्हणून पहिलं काम म्हणजे बहिणीला नक्की कुठल्या कायद्याखाली नेलं आहे, हे कागदावर पाहणं. तोंडी सांगितलेल्यावर विसंबू नका. पोलीस कायद्याखालची बाब असेल तर बहुधा दंडावर मिटते. १९५९ च्या कायद्याखाली मात्र पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवण्याचा हुकूम होऊ शकतो. तुम्ही बेगर होम म्हणता आहात, त्याअर्थी हाच कायदा लागला आहे असं धरून पुढचं सांगतो.

या कायद्याची सगळी गोम ‘भीक मागणे’ या शब्दांच्या व्याख्येत आहे. तिचे पाच भाग आहेत. सार्वजनिक ठिकाणी भीक मागणं किंवा घेणं, मग ते गाण्याच्या, नाचाच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा वस्तू विकण्याच्या निमित्तानं का असेना, हा पहिला भाग. भिकेसाठी खाजगी जागेत शिरणं हा दुसरा. जखम, व्यंग किंवा आजार दाखवून भीक मागणं हा तिसरा, आणि भिकेसाठी स्वतःला प्रदर्शनाची वस्तू म्हणून वापरू देणं हा पाचवा. बेघरांना अडकवतो तो चौथा भाग: उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही, आणि सार्वजनिक ठिकाणी माणूस अशा अवस्थेत किंवा अशा रीतीनं फिरतो वा थांबतो की तो भिकेवर जगत असावा असं वाटावं. हात पसरलेला कुणी पाहायला नको, पैसे देणारा साक्षीदार नको. मळके कपडे, विस्कटलेले केस आणि शेजारी गाठोडं एवढ्यावर पोलीस माणूस उचलतात. कृत्याऐवजी अवतारावर उभा राहणारा असा गुन्हा फौजदारी कायद्यात क्वचितच सापडेल.

ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेविरोधी कायद्यात ती होती, १९४५ च्या मुंबईच्या भिकारी कायद्यानंतर १९५९ चा कायदा आला, आणि पुढे तोच दिल्लीसह अनेक ठिकाणी लागू झाला किंवा नमुना म्हणून वापरला गेला. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही ‘उपजीविकेचं उघड साधन नसलेल्या’ माणसाकडून चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची तरतूद होती. १९७३ ची नवी संहिता करताना संसदेनं ती वगळली. भीकबंदीच्या कायद्यात ती तशीच राहिली.

आता चोवीस तासांचा हिशेब. १९५९ च्या कायद्याच्या कलम ४ खाली पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात, पण अटक म्हटली की अटकेचे सगळे नियम लागू होतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेचा पंचनामा करायचा (कलम ३६), अटकेचं कारण सांगायचं (कलम ४७), नातेवाइकाला कळवायचं (कलम ४८) आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं (कलम ५८). बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी लागते. सामूहिक कारवाईत या पायऱ्या हमखास गाळल्या जातात. चाळीस माणसं एकाच गाडीत भरलेली असतात, प्रत्येकाचा स्वतंत्र पंचनामा कोण करतो? म्हणून पोलीस ठाण्यात गेल्यावर भांडण्यापेक्षा दोन गोष्टी लेखी मागा: स्टेशन डायरीतली नोंद आणि अटकेच्या पंचनाम्याची प्रत. नाहीच मिळाली, तर तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं पद आणि गाडीचा नंबर स्वतः वहीत लिहून ठेवा. नंतर वकिलाला यातूनच मुद्दे सापडतात.

वकील फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे बाई असणं एवढंच पुरेसं आहे, आणि कोठडीत असणं हेही वेगळं कारण आहे. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तो लागत नाही असं सांगा. १५१०० हा राष्ट्रीय विधी सेवेचा मोफत क्रमांक आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. वेळ मात्र पहिल्या तारखेच्या आधी गाठायची, कारण निकाल बहुतेक वेळा त्याच तारखेला लागतो.

कलम ५ प्रमाणे कोर्ट ‘संक्षिप्त चौकशी’ करतं. व्यवहारात ती काही मिनिटांत आटोपते, आणि सगळ्यात मोठी चूक इथंच होते. कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘हो म्हण, साहेब दंड करून सोडतील.’ बाई हो म्हणते. या कायद्याखाली पहिल्या खेपेला दंडाची सोयच नाही. ती भिकारी आहे असा निष्कर्ष नोंदला गेला की कोर्टापुढे दोनच वाटा उरतात: प्रमाणित संस्थेत (म्हणजे बेगर होमसारख्या ठिकाणी) किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षं स्थानबद्धता, किंवा ताकीद देऊन बंधपत्रावर, म्हणजे पुन्हा भीक मागणार नाही असं लिहून घेऊन, सुटका. तेव्हा बहिणीला भेटता आलं तर सगळ्यात आधी हे सांगा की न केलेल्या गोष्टीला ‘हो’ म्हणायचं नाही, वकील येईपर्यंत अंगठा उठवायचा नाही आणि तारीख वाढवून मागायची. चौकशी लगेच पूर्ण होत नसेल तर ती पुढे ढकलायची तरतूद कलम ५ मध्येच आहे. चार-आठ दिवस आत काढणं कठीण असतं हे खरं, पण त्या बदल्यात एक वर्ष वाचू शकतं.

त्या चार-आठ दिवसांत पुरावा गोळा करायचा. चौथ्या भागातल्या दोन्ही अटी सिद्ध व्हाव्या लागतात. साधन नाही हे दाखवायचं, आणि शिवाय वागण्यावरून भिकेवर जगत असावी असं वाटलं पाहिजे. पहिली अट मोडली की दुसरीला आधार राहत नाही. फुगे-गजरे विकणाऱ्या बाईच्या बाबतीत ती मोडणं अवघड नाही. ज्या घाऊक दुकानातून ती माल उचलते त्या दुकानदाराचं दोन ओळींचं पत्र, मालाच्या चिठ्ठ्या, शेजारी बसणाऱ्या विक्रेत्याचं प्रतिज्ञापत्र, मोबाइलवर आलेल्या पैशांचा तपशील, बचत गटाचं किंवा भिशीचं पुस्तक, मूल शाळेत किंवा अंगणवाडीत जात असेल तर तिथला दाखला. नाक्यावर उभा राहणारा मजूर असेल तर मुकादमाचं पत्र. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फूटपाथवर रुग्णांचे नातेवाईक महिनोन्‌महिने राहतात. त्यांच्यापैकी कुणाला उचललं तर रुग्णाचा केसपेपर आणि पुढच्या तारखेची चिठ्ठी हाच सर्वात भक्कम कागद. मूळ कागद कोर्टात देऊ नका. झेरॉक्स द्या आणि मूळ फक्त दाखवा.

पहिल्या भागात ‘वस्तू विकण्याच्या निमित्तानं’ हे शब्द आहेत, आणि फिरत्या विक्रेत्यांच्या विरोधात तेच काढले जातात. त्यावर उत्तर म्हणून पथविक्रेता अधिनियम, २०१४ पुढे करा. फिरून विकणाराही त्या कायद्यात पथविक्रेता आहे, कलम ३ (३) प्रमाणे सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि कलम २७ पोलिसांच्या त्रासापासून संरक्षण देतं. किती फुगे होते, भाव काय होता, रोजचा खप किती, हे आकडे बहिणीला सांगता आले पाहिजेत. धंदा करणाऱ्याला आपला हिशेब तोंडपाठ असतो, आणि मॅजिस्ट्रेटला तो ऐकताना फरक कळतो.

वकिलाला पोलिसांच्या बाजूलाही प्रश्न विचारायला लावा. कुणी पाहिलं? कुठं, किती वाजता? कुणाकडून भीक घेतली? किती पैसे सापडले, त्याचा पंचनामा कुठं आहे? एकाच मजकुराचा अहवाल फक्त नावं बदलून चाळीस जणांना लावलेला असेल, तर त्यातले दोन-तीन शेजारी ठेवून कोर्टाला दाखवा. हुकूम देताना कोर्टानं वय, परिस्थिती आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा (प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल विचारात घ्यायचा असतो. हा अहवाल आला नसेल तर तो मागवण्यासाठी अर्ज करा, आणि परिविक्षा अधिकाऱ्याला स्वतः जाऊन भेटा. बहीण, भाऊ, गावचा पत्ता, सुटल्यावर ती कुठं राहणार, काय करणार, हे त्यांच्या कागदावर आलं पाहिजे. भेटायला कुणीच आलं नाही तर अहवालात ‘नातेवाईक नाहीत’ असं लागतं, आणि तिथून पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.

बंधपत्राबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे की जामीनदार हवाच. कायद्यात ‘जामीनदारासह किंवा जामीनदाराशिवाय’ असे शब्द आहेत, आणि बंधपत्र स्वतः तिनं किंवा कोर्टाला योग्य वाटेल अशा दुसऱ्या कुणीही लिहून दिलं तरी चालतं. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीनदार ‘पुरवणारे’ भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोटा जामीनदार उघड झाला तर नवीनच गुन्हा गळ्यात पडतो. निवारा चालवणारी संस्था किंवा बहीण यांपैकी कुणीही पुढे आलं तरी पुरतं. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००६ च्या राम लखन निकालाचा आधार इथं घेता येतो. आळसानं मागणारा, व्यसनापायी मागणारा, कुणाच्या धाकानं मागणारा आणि उपासमारीनं मागणारा यांत कोर्टानं फरक केला पाहिजे, आणि भीक मागितली हे सिद्ध झालं तरी डांबणं अपरिहार्य नाही, असं त्यात म्हटलं आहे.

हुकूम झालाच असेल तरी संपलं असं नाही. या कायद्याखालचा स्थानबद्धतेचा हुकूम अपिलासाठी कैदेच्या शिक्षेसारखाच धरला जातो. सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवस आहे. हुकमाची प्रमाणित प्रत मिळवण्यात लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून प्रतीचा अर्ज त्याच दिवशी टाका. आत असताना बहिणीची वैद्यकीय तपासणी झाली का, तेही विचारा. दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहात २००० साली दूषित पाण्यामुळे माणसं दगावली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सर्व राज्यांसाठी निर्देश दिले आहेत. दाखल झाल्यापासून २४ तासांत तपासणी हा त्यांतला एक. आतल्या कामाचा मोबदला १९६४ च्या नियमांपासून महिना ५ रुपये होता. राज्य मंत्रिमंडळानं तो दिवसाला ४० रुपये करायचं ठरवलं ते २०२५ मध्ये. साठ वर्षं हा आकडा कुणाला खुपला नाही, यावरून या संस्थांकडे किती लक्ष होतं ते समजावं. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ उपक्रमाचे लोक २००६ पासून या प्रश्नावर काम करत आहेत. आत माणूस असेल तर त्यांच्याशी बोलून घ्या.

बाईबरोबर मूल असेल तर ताबडतोब वेगळी वाट धरा. रस्त्यावर राहणारं किंवा भीक मागताना सापडलेलं मूल बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ आहे. त्याला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं असतं. आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे जातं, आणि कुठं गेलं हे आईला कुणी सांगत नाही. मुलाला नेतानाच संस्थेचं नाव लिहून घ्या, आणि मूल आईपासून तोडू नये असा अर्ज समितीकडे करा. जन्मदाखला किंवा लसीकरणाचं कार्ड नसेल तर ‘मूल हिचंच कशावरून’ हा प्रश्न येतोच. मानसिक आजार असलेल्या माणसाला तर बेगर होममध्ये नेणंच चूक. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम १०० सांगतं की पोलिसांनी अशा माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही.

भटक्या-विमुक्त समाजातल्या माणसाला उचललं असेल तर एक खबरदारी. वासुदेव, पोतराज, नंदीवाले, नाथपंथी डवरी गोसावी यांची परंपराच गाणं, खेळ आणि भविष्य सांगण्याची, आणि नेमके तेच शब्द व्याख्येत आहेत. जातीचा दाखला पुढे केला की ‘भिक्षा हाच यांचा व्यवसाय’ असा उलटा अर्थ निघण्याचा धोका असतो. त्यामुळे दाखल्याबरोबर त्या परंपरेची लोककला म्हणून ओळख सांगणारा कागद जोडा: जत्रेच्या किंवा कार्यक्रमाच्या आयोजकांचं पत्र, गावच्या सरपंचाचं पत्र. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी डवरी गोसावी समाजातले पाच जण निव्वळ संशयावरून जमावानं ठार मारले. ‘अनोळखी, फिरस्ता म्हणजे गुन्हेगार’ ही नजर त्यामागे होती, आणि हा कायदाही त्याच नजरेनं लिहिलेला आहे.

‘दिल्लीत हा कायदा रद्द झाला, मग इथं कसा चालतो?’ हे सगळे विचारतात. दिल्ली उच्च न्यायालयानं ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर यांच्या याचिकेवर भीक मागणं गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. दुसऱ्यांना भीक मागायला लावणाऱ्यांना शिक्षा करणारं कलम ११ तेवढं ठेवलं. जम्मू-काश्मीर उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तिथला तसाच कायदा रद्द केला. पण दिल्लीचा निकाल दिल्लीत लागू असलेल्या तरतुदींपुरता आहे. मुंबईतल्या मॅजिस्ट्रेटवर तो बंधनकारक नाही आणि खालच्या कोर्टात कायद्याच्या वैधतेवर भांडून सुटका होत नाही. निकालाची प्रत जोडा, त्यातला ‘गरिबी हा गुन्हा नव्हे’ हा विचार सौम्य हुकमासाठी उपयोगी पडतो. मात्र खटला लढवा पुराव्यावर.

फूटपाथवरून हटवण्याबद्दल ओल्गा टेलिस खटल्याचं नाव नेहमी घेतलं जातं, आणि तोही अर्धाच सांगितला जातो. १० जुलै १९८५ च्या त्या निकालात उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचा भाग मानला गेला. त्याच निकालानं महानगरपालिका अधिनियमाचं कलम ३१४ वैध ठरवलं आणि फूटपाथ अडवायचा हक्क कुणालाही नाही असंही सांगितलं. हाती लागतं ते एवढंच की नोटीस न देता हटवणं हा अपवाद असावा, नियम नव्हे. गाडी येऊन सामान घेऊन गेली असेल तर त्या मुद्द्यावर वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा. नोटीस दिली होती का, सामानाची यादी केली का, सामान कुठं ठेवलंय, हे तीन प्रश्न विचारा आणि पोच घ्या. त्या गाठोड्यात आधार कार्ड आणि औषधं होती, हे अर्जात आवर्जून लिहा. मार्च २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानंही फूटपाथवरच्या बेघरांना सरसकट हाकलण्याचा आदेश द्यायला नकार दिला होता. तीही माणसंच आहेत, असं न्यायालयानं तेव्हा म्हटलं.

निवाऱ्याचा मुद्दा कोर्टात कमी वापरला जातो, तो वापरा. २०२४ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषांप्रमाणे दर एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान १०० माणसांच्या निवाऱ्याची सोय हवी, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत एकट्या बृहन्मुंबईत ५७ हजारांहून जास्त बेघर मोजले गेले. बहिणीला जिथून उचललं त्या वॉर्डात कुटुंबासाठी निवारा आहे का, त्यात जागा होती का, ही माहिती माहिती अधिकारात मागता येते. नसेल तर ‘ही रस्त्यावर का होती’ याचं उत्तर पालिकेच्या कागदातूनच मिळतं.

सुटका झाल्यावर लगेच कागद उभे करा. मतदार यादीत नाव घालायला बेघराला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्ज क्रमांक ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) रात्री तिथं येऊन ती खरंच झोपते का ते पाहतो. तो एकापेक्षा जास्त रात्रीही येऊ शकतो, त्यामुळे त्या आठवड्यात जागा बदलू नका. हे कार्ड हातात आलं की बाकीच्या कागदांची वाट सोपी होते.

सुटकेच्या हुकमाच्या तीन प्रती काढा. एक तिच्याजवळ प्लास्टिकच्या पिशवीत, एक तुमच्याकडे, एक माल देणाऱ्या दुकानदाराकडे. १९५९ च्या कायद्याच्या कलम ६ ची जास्त कडक शिक्षा, म्हणजे दोन ते तीन वर्षं आणि त्याहीनंतर सापडल्यास दहा वर्षं, ही आधी ‘प्रमाणित संस्थेत स्थानबद्ध’ झालेल्यालाच लागू होते. चौकशी चालू असताना काही दिवस ठेवलं होतं आणि मग कोर्टानं सोडलं, हे त्यात मोडत नाही. पुढच्या कारवाईत रजिस्टरमध्ये जुनं नाव पाहून कुणी तिला ‘दुसऱ्यांदा सापडलेली’ म्हणून उभं केलं, तर तो हुकूम त्याच क्षणी मॅजिस्ट्रेटच्या हातात गेला पाहिजे.